रस्तेदुरुस्तीचे कागद

"पेन इथे," मिसेस ओडेल म्हणाल्या आणि काउंटरवरचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे सरकवला. "आत फक्त पेन्सिल."

मी पेन डब्यात टाकलं. मागे उभ्या असलेल्या माझ्या सासूबाई, लोइस, हसल्या. "पेन्सिलीनं लिहायचं म्हणजे हिला शिक्षाच. शास्त्रज्ञ आहे ती."

ते खरं होतं. मी विद्यापीठात पिकांवरच्या बुरशीचं काम करत होते आणि प्रयोगवहीचे नियम माझ्या अंगात मुरले होते. शाईनं लिहायचं, कागदाच्या एकाच बाजूला. पानांना आकडे आधीच घालून ठेवायचे. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही आणि तारीख. आणि पान कधी म्हणजे कधी फाडायचं नाही. त्या दिवशी पर्समध्ये तशीच एक कोरी वही होती, एकपासून शंभरपर्यंत आकडे घातलेली.

एप्रिल १९९४. व्हर्जिनियातल्या एका लहान काउंटीच्या न्यायालयाचं तळघर. वर खटले चालायचे आणि खाली मिसेस ओडेल तीनशे वर्षांचे कागद सांभाळत बसायच्या. साठीच्या, काळ्या, चष्म्याला साखळी लावलेल्या बाई. त्यांच्या टेबलावर 'शिंकायचं असेल तर बाहेर जा' अशी पाटी होती.

"कोणाला शोधताय?" त्यांनी विचारलं.

"कॅप्टन जॉन थॉर्नबी," लोइस म्हणाल्या. "माझे पूर्वज. सोळाशे नव्वदच्या आसपास आले."

"कॅप्टन," मिसेस ओडेलनी मान हलवली. "इथे येणाऱ्या प्रत्येकाला कॅप्टनच हवा असतो. एका जहाजावर कॅप्टन एक आणि बाकीची माणसं चाळीस. त्या चाळीस जणांना पोरंबाळं झालीच नाहीत, असं दिसतं."

मला हसू आलं. लोइसना आलं नाही.

लोइस 'आद्य वसाहतकन्या' अशा काहीशा नावाच्या बायकांच्या संस्थेच्या सभासद होत्या. इंग्रजी नाव याहून लांब आहे. सतराशे सालाआधी इथे येऊन जमीन घेतलेल्या इंग्रजाची वंशज असल्याचं सिद्ध केलं की सभासदत्व मिळतं. त्यांच्या आईच्या वेळी कोणी फारसे पुरावे मागत नसे. आता नवी रजिस्ट्रार आली होती आणि ती प्रत्येक पिढीला कागद मागत होती. लोइसना माझ्या मुलीचं, लीनाचं, नाव घालायचं होतं. लीना नऊ वर्षांची होती. लोइसच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, जुनी अक्षरं दिसत नव्हती. माझा नवरा रॉस म्हणाला, "आई आणि तू, तुमचं तुम्ही बघा." म्हणून मी.

दहा वर्षांच्या संसारात लोइसनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. त्या कधी वाईट वागल्या नव्हत्या. वाढदिवसाला कार्ड, नाताळला स्वेटर. पण मी खोलीत आले की त्या किंचित मागे सरकून बसत, गरम भांड्यापासून सरकावं तशा. मी त्याचा अर्थ लावायचं सोडून दिलं होतं. त्यांना तोंडानं नुसतं 'लोइस' म्हणायला मला दोन वर्षं लागली. मनातल्या मराठीत त्या कायम 'त्या'च राहिल्या.

मी हो म्हटलं त्याला दुसरंही कारण होतं. दहा दिवसांपूर्वी देवरुखहून माझ्या वडिलांचं, अप्पांचं, पार्सल आलं होतं. बोटीनं, चार महिन्यांनी. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत. अप्पा वनस्पतीशास्त्राचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर अकरा वर्षं त्यांनी गावोगावी पोस्टकार्डं पाठवून चौदा पिढ्या जमवल्या होत्या. संपादक म्हणून त्यांचं नाव होतं. लीना जन्मली तेव्हा मी त्यांना तारीख, वेळ, वजन सगळं कळवलं होतं, आणि "नोंद केली आहे" असं त्यांचं कार्डही आलं होतं.

पान तीनशे अकरा. माझ्या चुलतबहिणींपुढे कंसात सासरचं नाव, नवऱ्याचा हुद्दा, मुलं. माझ्यापुढे: 'मंजरी. जन्म १९५८. एम.एस्सी. अमेरिकेत वास्तव्य.' मग पूर्णविराम.

सोबत चिठ्ठी होती. 'चि. मंजरीस अनेक आशीर्वाद. परधर्मीय विवाहांचा तपशील देऊ नये असा मंडळात ठराव झाला. मी संपादक असलो तरी एकटा काय करणार? मनाला लावून घेऊ नकोस. चि. लीनाचा फोटो पाठव.'

पुस्तक आमच्या जेवणाच्या टेबलावर पडलं होतं तेव्हा लोइस आल्या. त्यांनी ते उघडलं, देवनागरीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "किती सुंदर. यात लीना कुठे आहे?"

"छापताना राहिलं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुस्तक मिटलं आणि त्यावर हात ठेवला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फोन करून मला लीनाच्या सभासदत्वाच्या अर्जाचं विचारलं.

त्या पहिल्या दिवशी दुपारी आम्ही न्यायालयाच्या हिरवळीवरच्या बाकावर सँडविच खाल्लं. लोइसनी मला वंशावळ तोंडपाठ सांगितली. कॅप्टन जॉन आणि त्यांची बायको एलिझाबेथ. त्यांचा मुलगा नॅथनिएल. नॅथनिएलपासून खाली सहा पिढ्या, सगळ्यांचे कागद घरात होते.

"म्हणजे फक्त नॅथनिएलचा कॅप्टनशी सांधा दाखवायचा," मी म्हटलं.

"एवढंच. मृत्युपत्रं बघ, जमिनीचे दस्त बघ. चर्चच्या नोंदी बघ." त्यांनी सँडविचचा कागद चार घड्या करून पर्समध्ये ठेवला. "रस्तेदुरुस्तीच्या कागदांत वेळ घालवू नकोस. त्यात काही नसतं."

चर्चच्या वहीत कॅप्टनच्या पाच मुलांचे बाप्तिस्मे होते. त्यांत नॅथनिएल नव्हता. मृत्युपत्रात त्याचं नाव नव्हतं. दस्तांच्या वहीत मात्र तो सापडला. १७६९ साली त्यानं शंभर एकर जमीन विकली होती. त्याला लिहिता येत नव्हतं. सहीच्या जागी त्याची खूण होती, तिथल्या कारकुनानं जशीच्या तशी उतरवलेली. एक वर्तुळ आणि त्याच्या खाली तीन आखूड रेघा.

ती खूण मी ओळखत होते. लोइसच्या स्वयंपाकघरात भिंतीला एक लाकडी मिठाची पेटी टांगलेली होती, तळहाताएवढ्या झाकणाची. झाकणावर तीच खूण कोरलेली होती. लोइस म्हणायच्या, हा कॅप्टनच्या जहाजाचा नांगर. लीना लहान असताना म्हणाली होती, "नांगर नाही. पाय फुटलेला सूर्य आहे."

पुढच्या गुरुवारी मी रजा घेऊन एकटीच गेले. बघण्यासारखं सगळं बघून झालं होतं. राहिले होते रस्तेदुरुस्तीचे सुटे कागद. त्या काळी गावातल्या प्रत्येक धडधाकट पुरुषाला रस्त्याच्या कामावर जावं लागे, त्यामुळे त्यांत नावांच्या याद्या असतात. बघू नकोस असं सांगितलेली जागा न बघता मी काम बंद केल्याचं मला आठवत नाही.

चौदाव्या गठ्ठ्यात, दोन पुलांच्या तक्रारींच्या मधे, वेगळाच कागद निघाला. जाड, घडी पडलेला, कडा तपकिरी. मी तो तीनदा वाचला आणि मग पेन्सिलीनं वहीत त्रेचाळिसाव्या पानावर उतरवला. मूळ शब्द आता माझ्यापाशी नाहीत. मजकूर असा होता: मेरी, ईस्ट इंडियातली इंडियन, कॅप्टन जॉन थॉर्नबीची नोकर, हिचा अर्ज. ती लहान असताना तिला लंडनला आणलं, तिथून इथे. कराराची वर्षं संपून तीन वर्षं झाली, तरी मालक तिला आणि तिचा चार वर्षांचा मुलगा नॅथनिएल याला सोडत नाही. तिला गुलाम म्हणतो. ती गुलाम नाही. कोर्टानं ऐकावं.

सन १७३७. खाली तिची खूण. वर्तुळ, तीन रेघा.

मागच्या बाजूला हुकूम होता. मेरीला सोडावं. मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत मालकाकडे बांधलेला राहील. मुलाच्या बापाचं नाव कुठेही नव्हतं.

मी पेन्सिल खाली ठेवली. ती खूण रांगोळीतली असेल, तुळशीवृंदावनापुढची असेल, असं काहीतरी मनात येऊ लागलं आणि मी ते थांबवलं. वर्तुळ आणि तीन रेघा जगात कोणीही काढू शकतं. ईस्ट इंडिया म्हणजे सुरत असेल, मद्रास असेल, बंगाल असेल. तिच्या आईनं ठेवलेलं नाव तर कोणी विचारलंही नव्हतं. माझ्या हाती एवढंच होतं: तीन ठिकाणी एकच खूण, आणि तिला पुढे मुलानं आपली सही केलेली. पण तेवढं पक्कं होतं. माझ्या मुलीची आठ पिढ्यांमागची आजी हिंदुस्थानातून आलेली होती, बापाच्या बाजूनं. जी मुलगी शाळेतून येऊन विचारायची, "आई, मी अर्धी कुठली?", तिची.

मला लोइसची आठवण झाली, आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला. आता त्या मागे सरकणार नाहीत, असं वाटलं.

कागद सापडला त्याच जागी, दोन पुलांच्या मधे ठेवून मी गठ्ठा बांधला. मिसेस ओडेलनी चष्म्यावरून पाहिलं.

"सापडला का कॅप्टन?"

"कॅप्टन नाही. दुसरंच कोणीतरी सापडलंय."

"अरे वा. चाळिसांपैकी?"

"हो. चुकीच्या गठ्ठ्यात आहे. आधी घरी सांगते, मग पुढच्या आठवड्यात येऊन तुम्हाला दाखवते."

"सवडीनं ये," त्या म्हणाल्या. "अडीचशे वर्षं थांबलंय ते माणूस."

शनिवारी लीनाला घेऊन लोइसकडे गेले. रॉस गवत कापायला मागे गेला. लीना ओट्यावर चढून मिठाच्या पेटीचं झाकण उघडझाप करत होती. लोइसनी जेवणाच्या टेबलावर अर्ज मांडून ठेवला होता. प्रत्येक पिढीला एक चौकट, चौकटीत नवरा, बायको, पुरावा. त्यांनी टाइप करून बहुतेक सगळं भरलं होतं. नॅथनिएलच्या आईबापांची चौकट रिकामी होती. खाली 'पुरावे तपासणाऱ्याची सही' अशी ओळ.

मी वही उघडून त्रेचाळिसावं पान त्यांच्यापुढे ठेवलं. "हे वाचून दाखवू?"

"कुठे मिळालं?"

"रस्त्यांच्या कागदांत."

लोइसनी वहीकडे पाहिलं नाही. "लीना," त्या म्हणाल्या, "बाहेर जाऊन डॅडींना लिंबाचं सरबत दे पाहू."

"ते आत्ता तर प्यायले."

"मग अजून दे."

लीना गेली. दाराची जाळी आपटली. लोइसनी टेबलावरची न दिसणारी धूळ तळहातानं गोळा केली.

"कितव्या गठ्ठ्यात होतं?"

"चौदाव्या."

"पुलांच्या तक्रारींत."

पुलांचं मी बोलले नव्हते.

"माझ्या वडिलांनी ठेवलंय ते तिथे," त्या म्हणाल्या. "एकोणीसशे चोवीस साली. त्या वर्षी या राज्यात कायदा आला. गोऱ्याच्या अंगात दुसऱ्या रक्ताचा थेंब चालणार नाही. पापा गोऱ्या मुलांच्या शाळेत शिकवत होते. कोणीतरी जुने कागद काढून घराणी तपासतंय असं त्यांच्या कानावर आलं. तेव्हा कारकून त्यांचा मित्र होता. जाळायला पापांचा हात धजावला नाही. म्हणून जिथे कोणी बघत नाही तिथे घातलं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी एकवीसची झाले त्या दिवशी त्यांनी सांगितलं. वाढदिवसाची भेट." त्या हसल्या, पण फक्त नाकानं. "थॉर्नबी घराणं ममाचं, पण तिलाच शेवटपर्यंत कळू दिलं नाही. मी रॉसच्या वडिलांना सांगितलं नाही. रॉसला सांगितलं नाही. तो जन्मला तेव्हा आधी मी त्याची नखं बघितली, मिसळलेलं रक्त तिथे दिसतं म्हणतात. सगळं ठीक होतं. वाटलं, चला, संपलं एकदाचं. आणि मग सव्वीस वर्षांनी त्यानं दार उघडलं आणि तू आत आलीस."

मागे गवताचं यंत्र थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"तुला पाहिलं आणि माझ्या मनात आलं," लोइस म्हणाल्या, "ती परत आली."

 दहा वर्षं मी ज्याला तिरस्कार समजत होते ते दुसरंच काहीतरी होतं, आणि ते त्याहून बरं होतं असंही म्हणवत नव्हतं.

"पण आता तो कायदा नाही," अखेर मी म्हटलं. "आता कोणाला काय भीती आहे? हे सांगा ना त्यांना. यात लाज कसली? बाई कोर्टात गेली. जिंकली."

"आणि मुलाला तिथेच ठेवून बाहेर पडली."

"तिनं नाही ठेवलं. कोर्टानं ठेवलं."

"ठीक आहे. तू तो कागद दे त्यांना. काय होईल ते मी सांगते." त्यांनी बोटावर मोजायला सुरुवात केली, मला प्रयोगाची कृती समजावून सांगावी तशी. "नॅथनिएलच्या आईची चौकट भरली. बापाची रिकामी. म्हणजे कॅप्टन आमचा राहत नाही. म्हणजे मी सभासद नाही, माझी ममा नव्हती, आणि लीनाचा अर्ज परत."

"मग परत येऊ दे."

"मंजरी." त्या माझं नाव क्वचितच घेत, आणि आज ते बिनचूक घेतलं. "तुझ्या वडिलांच्या पुस्तकात ती नाही. छापताना राहिलं नाही, हे मलाही कळतं. मी पण अशाच घरातली आहे. काय, कसं, का राहतं ते मला चांगलं माहीत आहे. आता यातही नसली, तर मग ती आहे कुठे?"

मी टेबलावरच्या अर्जाकडे पाहिलं. सगळ्यात खालच्या चौकटीत लीनाचं नाव टाइप केलेलं होतं. लीना मंजरी हॅलेट. जन्मतारीख, वेळ. माझं नाव तिच्या नावाच्या मधोमध होतं. ते मी सुचवलं नव्हतं.

"काय लिहायचं?" मी विचारलं.

"एलिझाबेथ. माहेरचं नाव अज्ञात. पुरावा म्हणून १७६९ चा दस्त. त्यात खोटं काही नाही, त्यात त्याचं नाव आहेच. आणि तू शास्त्रज्ञ आहेस. तुझ्या सहीवर ती बाई दुसरा प्रश्न विचारणार नाही."

मी पर्समधून दुसरं पेन काढलं. काळ्या शाईचं. 'एलिझाबेथ' लिहिलं, खाली सही केली, सहीखाली पदवी लिहिली. तारीख घातली.

लोइसनी हात पुढे केला. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर कदाचित मी नाही म्हटलं असतं. मी वहीच्या शिवणीवर पट्टी ठेवली, म्हणजे बाकीची पानं निसटणार नाहीत, आणि त्रेचाळिसावं पान फाडून त्यांना दिलं. त्यांनी ते वाचलं नाही. गॅस पेटवला.

लीना जाळी ढकलून आत आली तेव्हा खिडकी उघडी होती.

"काय जळलं?"

"टोस्ट," लोइस म्हणाल्या आणि तिला जवळ घेतलं. मग दुसरा हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला. पहिल्यांदाच. तिथे तो बराच वेळ होता.

मी मिसेस ओडेलकडे पुन्हा गेले नाही. त्या गुरुवारी डब्यात टाकलेलं पेनही तिथेच राहिलं.

आठ वर्षांनी, ऑक्टोबरात, लीना 'वसाहतकन्यां'च्या वार्षिक भोजनाला गेली. लोइस आदल्या हिवाळ्यात वारल्या होत्या. पेटी त्यांनी मृत्युपत्रात माझ्या नावानं ठेवली, रॉसच्या नाही. लीना सतरा वर्षांची होती. जायची तिची इच्छा नव्हती, पण आजीसाठी म्हणून आजीच्या मोत्यांचा सर घालून गेली.

ती लवकर परत आली. मी स्वयंपाकघरात होते. तिनं चपला काढल्या आणि ओट्याला टेकून हसत सांगायला लागली.

"आई, ऐक ना. मी दारापाशी उभी होते. एका बाईंनी माझ्या हातात उष्ट्या बश्या दिल्या. चार. वरती काटेचमचे."

"मग?"

"मग काय, मी नेऊन ठेवल्या. आत मुलगी होती ना खरी, बश्या उचलणारी, ती म्हणाली, तू कशाला? मग टेबलावर एक आजीबाई. गोड होत्या हं. म्हणाल्या, तुला कुठून दत्तक घेतलं? मी म्हटलं, नाही, मी खरीच. तर त्या माझा हात थोपटून म्हणाल्या, अर्थात, अर्थात."

तिचं हसणं संपलं. ती मोत्यांच्या सराची कडी काढायला लागली. ती निघेना.

"आई, एवढे कागद बघितलेस ना तू. तिथे, अगदी सुरुवातीला, आपल्यासारखं कोणीच नव्हतं का गं? एक पण?"

मी गॅस बंद केला आणि तिला सगळं सांगितलं. मेरी, अर्ज, खूण, चौदावा गठ्ठा. वाईट भागही वगळला नाही. ती डोळे मोठे करून ऐकत होती. मग उठून आत गेली आणि आजीच्या फायलीतून अर्जाची प्रत घेऊन आली.

"इथे तर एलिझाबेथ आहे."

"हो."

"तुझ्या अक्षरात."

"हो. चल. मूळ कागद दाखवते तुला."

सोमवारी तिची शाळा बुडवून आम्ही गेलो. तळघरात नवे दिवे लागले होते. मिसेस ओडेल निवृत्त होऊन गेल्या होत्या. काउंटरवर एक तरुण मुलगा होता, मदतीला तत्पर. त्यानं संगणकात पाहिलं.

"सतराशे सदतीस? स्वातंत्र्याचे अर्ज ना? ते सगळे सुरक्षित आहेत, मॅडम. राज्याच्या संग्रहालयात नेऊन एकूण एक कागदाचं चित्र घेतलंय. मेरी म्हणालात?" त्यानं पुन्हा पाहिलं. "या नावाचा अर्ज नाही."

"तो अर्जांत नाही. रस्तेदुरुस्तीच्या कागदांत आहे. गठ्ठा चौदा."

"अच्छा. ते." त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "अठ्ठ्याण्णव साली छतातून पाणी आलं. महत्त्वाचं होतं ते आधी बाहेर काढलं. रस्त्यांचे गठ्ठे भिजले, बुरशी धरली. टाकून द्यावे लागले."

"सगळे?"

"सगळे. त्यात तसं काही नव्हतं."

नॅथनिएलच्या दस्ताची वही होती. मी लीनाला खूण दाखवली. तिनं बोट न लावता वरून गिरवली.

"ही आपल्या पेटीवरची."

"हो. आणि तीच तिच्या अर्जावर होती."

"पण हा नॅथनिएल आहे. हा आहेच ना आपल्या अर्जात."

 परतताना गाडीत तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"आई, रागावू नकोस हं. तू मला बरं वाटावं म्हणून केलंस, मला माहितेय."

"काय केलं?"

"ती मेरी. खूप छान आहे ती. पण तू कधी खोटं बोलत नाहीस ना, म्हणून जास्त वाईट वाटलं. माझ्यासाठी तुला बोलावं लागलं."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. शेजारून एक लाकडांचा ट्रक गेला आणि गाडी हलली.

घरी आल्यावर मी माळ्यावरून खोकं काढलं. प्रयोगवह्या सगळ्या होत्या, सालवार. मला हवी ती चौथी. मी ती तिच्यापुढे उघडली. एकेचाळीस: गठ्ठा बाराचा गोषवारा. बेचाळीस: गठ्ठा तेराचा गोषवारा, पेन्सिलीनं. मग चव्वेचाळीस, कोरं.

लीनानं पानं पुढेमागे केली. मधला फाटका काठ तिला दिसला. पट्टी लावून फाडलेला, सरळ. तिनं त्यावरून बोट फिरवलं, वही मिटली आणि अगदी हळू माझ्या हातात दिली.

"आई," ती म्हणाली, "इथे काहीच नाहीये."